परवलीच्या शब्दाचे चोर

पासवर्डचा जन्म आणि पासवर्डची पहिली चोरी यांत जेमतेम वर्षभराचं अंतर आहे.

अमेरिकेतल्या एमआयटी या नामवंत संस्थेत १९६१ मध्ये फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवी व्यवस्था दाखवली. त्या काळी कॉम्प्युटर म्हणजे खोलीभर यंत्र. यंत्र एक आणि वापरणारे अनेक. सगळ्यांनी आपापल्या जागेवरून एकाच वेळी त्यावर काम करावं, अशी ही युक्ती होती. मग प्रश्न आला की एकाचे कागद दुसऱ्याने उघडू नयेत यासाठी काय करायचं? प्रत्येकाला एकेक परवलीचा शब्द देण्यात आला. शब्द सांगा, तुमचा कप्पा उघडेल.

तिथेच ॲलन शेर नावाचा एक संशोधक विद्यार्थी होता. त्याला आठवड्याला चार तास मिळत, आणि त्याचं काम चार तासांत भागत नव्हतं. १९६२ च्या वसंतात एका शुक्रवारी रात्री त्याने पंच केलेलं कार्ड यंत्राच्या विनंतीपेटीत टाकलं. अमुक फाइल छापून द्यावी, एवढीच विनंती त्यावर होती. शनिवारी सकाळी सर्वांच्या पासवर्डची यादी छापून त्याची वाट पाहत होती. यंत्राने कुठलीही शंका घेतली नाही. शेरने इतरांचे तास वापरले, संशय एकट्यावर येऊ नये म्हणून यादी मित्रांनाही वाटली, आणि त्यातल्या एकाने तर बड्या प्राध्यापकाच्या खात्यात शिरून चेष्टेचे निरोप ठेवले. ही कबुली त्याने दिली ती पंचवीस वर्षांनी, एका समारंभात.

हे मी एवढ्या तपशिलाने सांगतो आहे, त्याचं कारण आहे. पुढच्या साठ वर्षांत या चोरीची तंत्रं बदलत गेली, पण तिचं मर्म या पहिल्या प्रसंगातच दिसतं. यंत्राला माणूस ओळखता येत नाही, त्याला फक्त शब्द ओळखता येतो. ज्याच्या तोंडी शब्द, तो मालक.

माझी नानी रात्री अलीबाबाची गोष्ट सांगायची, आमच्या दखनी बोलीत. झाडावर दडून बसलेला अलीबाबा चाळीस चोरांचा तो तिळाचा शब्द ऐकतो आणि गुहा त्याचीही होते. अलीबाबाला गुहा फोडावी लागली नाही, शब्द उच्चारला जाताना जवळ असणं पुरेसं होतं. त्याचा भाऊ कासीम आत जातो आणि नेमका शब्द विसरतो, तेव्हा लहानपणी माझ्या अंगावर काटा यायचा. आता एटीएमच्या रांगेत कुणी डोकं खाजवताना दिसलं की मला तो कासीम आठवतो.

शब्द ऐकायला झाड लागतं. शीतयुद्धाच्या काळात रशियाच्या हेरांनी हे झाड अमेरिकेच्या वकिलातीतल्या टाइपरायटरच्या पोटात लावलं. मॉस्कोची वकिलात आणि लेनिनग्राडची कचेरी इथे आयबीएमचे विजेवर चालणारे टाइपरायटर होते. त्यांत अक्षरांचा एक गोळा असतो. प्रत्येक अक्षरासाठी तो वेगळ्या कोनात फिरतो आणि कलतो. यंत्रातल्या एका पोकळ धातूच्या पट्टीत रशियनांनी ही हालचाल चुंबकाने टिपणारं उपकरण दडवलं होतं. कुठलं अक्षर उमटलं हे त्याला कळे, आणि साठवलेलं सगळं ते रेडिओलहरींवरून बाहेर पाठवी. लहरींची कंपनसंख्याही मॉस्कोच्या टेलिव्हिजनच्या जवळची निवडलेली, म्हणजे कुणाला वेगळं काही ऐकू येऊ नये. १९८४ मध्ये अमेरिकनांनी वकिलातीतली यंत्रं मायदेशी नेऊन क्ष-किरणांखाली धरली, तेव्हा सोळा टाइपरायटरांत हे हेर सापडले. त्यांतले पहिले १९७६ पासून काम करत होते.

वकिलातीत सांकेतिक भाषेची कमतरता नव्हती. निरोप कुलूपबंद करूनच तारेवर जात. पण कुलूप घालण्याआधी तो कुठेतरी, कुणाच्या तरी बोटांनी टाइप व्हावाच लागतो. चोर तिथे बसला होता, बोट आणि कुलूप यांच्या मध्ये. आजचे कीबोर्डवर पाळत ठेवणारे प्रोग्रॅम नेमक्या याच जागी बसतात.

हीच युक्ती अमेरिकी पोलिसांनी आपल्या देशातही वापरली. १९९९ मध्ये न्यू जर्सीत निकोडेमो स्कार्फो नावाच्या माणसावर बेकायदा जुगार आणि सावकारीचा संशय होता. त्याच्या कॉम्प्युटरवर एक फाइल सापडली, पण ती अशा कुलपात होती की तज्ज्ञांनाही उघडेना. एफबीआयने न्यायालयाची परवानगी घेतली, त्याच्या कचेरीत गुपचूप शिरून कीबोर्डची नोंद ठेवणारी यंत्रणा बसवली, आणि शब्द मिळवला. तो होता त्याच्या वडिलांचा तुरुंगातला कैदी क्रमांक.

इथे मी जरा थांबतो. गुन्हेगार म्हणून त्या माणसाचं काय व्हायचं ते झालं, २००२ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. पण कुणालाही कळू नये असा शब्द शोधताना त्याच्या मनात आलं काय, तर बापाचा तुरुंगातला नंबर. आपण सगळे हेच करतो. लेकीचं नाव, सुटलेलं गाव, आईच्या इंतकालचं साल. यंत्राला वाटतं ही फक्त अक्षरं आहेत. चोरालाही तसंच वाटतं. मला मात्र पासवर्डची कुठलीही यादी म्हणजे माणसांनी न सांगितलेल्या गोष्टींची यादी वाटते, आणि तिची चोरी मला पाकीटमारीहून वाईट वाटते ती म्हणून.

एव्हाना कॉम्प्युटर घराघरांत आला होता आणि टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेटही. हेराला आता कचेरीत चोरपावलांनी शिरायची गरज उरली नव्हती. १९९८ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या एका हॅकर मंडळीने लास व्हेगासच्या मेळाव्यात ‘बॅक ऑरिफिस’ नावाचा प्रोग्रॅम फुकट वाटला. तो दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर बसला की दूरवरून त्याचा पडदा पाहता येई, कळा टिपता येत, जपून ठेवलेले पासवर्ड काढता येत. विंडोजची सुरक्षा किती कच्ची आहे हे आम्ही दाखवत आहोत, असं ते म्हणाले. दाखवलं खरं. पण घरफोडीची हत्यारं रस्त्यावर मांडून कुलूप बनवणाऱ्याला धडा देणं मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

आणि मग आली ४ मे २०००. ज्यांना ते दिवस आठवतात त्यांना पुढचं नाव सांगायला नको. त्या दिवशी जगभरच्या कचेऱ्यांत लोकांना ओळखीच्या माणसाकडून ई-मेल आली. विषय होता ‘आय लव्ह यू’. आत एक ओळ, सोबतचं माझं प्रेमपत्र कृपया पाहावं अशा अर्थाची. सोबत जोडलेल्या फाइलचं नाव ‘लव्ह लेटर फॉर यू’, आणि पुढे साध्या मजकुराच्या फाइलला असतं तसं शेपूट, टीएक्सटी. त्याच्याही पुढे खरं शेपूट होतं, व्हीबीएस. म्हणजे हे वाचायचं पत्र नव्हतं, हा चालणारा प्रोग्रॅम होता. पण माहितीतल्या फाइलींचं शेवटचं शेपूट लपवून ठेवायची विंडोजची पद्धत. वाचणाऱ्याला चिठ्ठी दिसली, कॉम्प्युटरला हुकूम दिसला.

हुकूम मिळताच त्याने काय केलं ते पाहण्यासारखं आहे, कारण पासवर्डचोर प्रोग्रॅमचा सगळा कारभार त्यात दिसतो. आधी त्याने स्वतःच्या प्रती विंडोजच्या खास कप्प्यांत ठेवल्या, सरकारी कागदासारखी गंभीर नावं देऊन. मग कॉम्प्युटर सुरू होताना जे जे चालवायचं त्याची एक यादी असते, तिच्यात आपलं नाव घातलं, म्हणजे रोज सकाळी मालकच त्याला उठवणार. मग पत्त्यांच्या वहीतल्या प्रत्येकाला तेच प्रेमपत्र पाठवलं. छायाचित्रांच्या फाइली पुसून तिथे आपली प्रत बसवली. अनेकांच्या लग्नाचे, लेकरांचे फोटो असे गेले. शिवाय त्याने ब्राउजरचं पहिलं पान बदललं, ते मनिलातल्या एका इंटरनेट कंपनीच्या जागेकडे वळवलं, तिथून दुसरा प्रोग्रॅम उतरवून घेण्यासाठी. हा दुसरा प्रोग्रॅम म्हणजे खरा चोर. त्याचं नाव ‘बारोक’. कॉम्प्युटरच्या स्मृतीत जपलेले इंटरनेट जोडणीचे पासवर्ड गोळा करायचे आणि फिलिपीन्समधल्या एका ई-मेल पत्त्यावर धाडायचे, हे त्याचं काम.

काही दिवसांत कोट्यवधी कॉम्प्युटरांपर्यंत हे पत्र पोचल्याचे अंदाज निघाले. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सला आपली ई-मेल बंद करावी लागली. गंमत अशी, की मनिलातल्या कंपनीने ‘बारोक’ ठेवलेली जागा लवकरच बंद केली. त्यामुळे चोराला वाहून नेणारं पत्र जगभर हिंडलं आणि चोर स्वतः बराचसा घरीच राहिला.

त्या प्रोग्रॅमच्या डोक्यावर, लिहिणाऱ्याने मोडक्या इंग्रजीत एक शेरा ठेवला होता, शाळेत जायचा मला तिटकारा आहे, अशा अर्थाचा. खाली टोपणनाव, ‘स्पायडर’, आणि गाव, मनिला. सही करून चोरी करणारा हा कोण?

तपास गेला ओनेल दे गुझमान या विद्यार्थ्याकडे. मनिलातल्या एका कॉम्प्युटर कॉलेजात तो शिकत होता. शेवटच्या वर्षाच्या प्रबंधासाठी त्याने जो विषय दिला होता तो असा: दुसऱ्यांचे पासवर्ड ई-मेलने मिळवून देणारा प्रोग्रॅम, म्हणजे ज्यांना परवडत नाही त्यांनाही इंटरनेट वापरता येईल. कॉलेजने विषय नाकारला. हे बेकायदा आहे, आम्ही घरफोडे तयार करत नाही, असा त्यावरच्या शेऱ्याचा भाव होता.

फिलिपीन्समध्ये तेव्हा इंटरनेट तासाच्या हिशेबाने विकत घ्यावं लागे, आणि गरीब घरच्या पोराला ते तास परवडत नसत. आपल्याकडेही चित्र फारसं वेगळं नव्हतं. तालुक्याच्या गावी सायबर कॅफेत प्लायवूडच्या खोपट्यात बसून तासाला पंचवीस-तीस रुपये मोजत मी दिवाळी अंकांना कविता पाठवायचो. फॉन्ट वेगळा निघाला की संपादकांना माझ्या कवितेऐवजी किडे-मुंग्या दिसत, आणि मिनिटं मोजली जात ती वेगळीच. म्हणून चार तासांत न भागणारा एमआयटीचा शेर आणि मनिलाचा हा पोरगा मला एकाच घरातले वाटतात. दोघांना वेळ हवा होता. शेरच्या चोरीची गोष्ट लोक हसून सांगतात, दे गुझमानच्या चोरीत मात्र जगभरच्या लोकांचे फोटो पुसले गेले. घर एक म्हणून हा फरक पुसायचं कारण नाही.

पत्रकारांसमोर तो आला तो काळा चष्मा लावून, तोंडावर रुमाल धरून. चुकून सुटलं असेल का, या प्रश्नाला ‘शक्य आहे’ असं उत्तर मिळालं. खटला उभा करायला सरकारकडे कायदाच नव्हता. क्रेडिट कार्डाच्या गैरवापराचा कायदा लावून पाहिला, तो लागेना. १४ जून २००० रोजी तिथे नवा कायदा झाला, पण मे महिन्याच्या कृत्याला जूनचा कायदा लावता येत नाही. ऑगस्टमध्ये आरोप मागे घेतले गेले. आपला माहिती तंत्रज्ञान कायदाही नेमका त्याच वर्षीचा. ९ जूनला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि १७ ऑक्टोबर २००० पासून तो लागू झाला. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं हा स्वतंत्र गुन्हा मात्र २००८ च्या दुरुस्तीने आला. कलम ६६ क, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड.

इथवरच्या कथेत हौस होती, गरज होती, खोडसाळपणा होता. पुढे धंदा येतो, आणि खरं सांगायचं तर तिथे माझं मन रमत नाही. पण तो भाग टाळून चालणार नाही, कारण आपल्या खिशाला हात लागतो तो तिथेच.

२००७ मध्ये ‘झ्यूस’ नावाचा प्रोग्रॅम उजेडात आला. त्याची निर्मिती रशियन भाषा बोलणाऱ्या टोळीकडे, आणि तो विकला जाई तयार संचासारखा. स्वतः प्रोग्रॅम लिहिता येत नसला तरी पैसे मोजून कुणीही चोर होऊ शकत असे. तो खोट्या ई-मेलमधून किंवा बिघडवलेल्या संकेतस्थळावरून शिरे आणि ब्राउजरच्या आत दबा धरून बसे. एरवी स्वस्थ. तुम्ही बँकेचं पान उघडलं की जागा. बँकेच्या पानावर कुलपाचं चित्र असतं, म्हणजे माहिती कुलूपबंद होऊन जाते, हे खरंच. पण झ्यूस ती कुलूप लागण्याआधीच उचले. पुन्हा मॉस्कोच्या टाइपरायटरची जागा. इतकंच नव्हे, बँकेच्या खऱ्या पानावर तो आपल्या पदरचा एखादा रकाना घाली, कृपया एटीएमचा पिनही लिहा म्हणून. पान खरं, पत्ता खरा, रकाना तेवढा खोटा.

कीबोर्ड टिपतात म्हणून बँकांनी पडद्यावर कळा दाखवल्या, माउसने दाबायच्या. तर हे प्रोग्रॅम माउसच्या प्रत्येक टिचकीसरशी तेवढ्या भागाचा फोटो काढू लागले. मग मोबाइलवर येणारा एकदाचा अंक आला. आपल्या रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून कार्डाच्या ऑनलाइन व्यवहाराला जादा ओळख सक्तीची केली. हे मोठं काम झालं, त्याने अनेकांचे पैसे वाचले. पण २०१० मध्येच झ्यूसचा मोबाइलवरचा भाऊ युरोपात दिसला, तो ते एसएमएस वाचून पुढे पाठवी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एफबीआयने टोळीच्या लोकांना धरल्याचं जाहीर केलं, तेव्हा चोरीस गेलेली रक्कम सात कोटी डॉलर सांगितली गेली. लुटले गेलेल्यांत छोटे व्यापारी होते, गावच्या नगरपालिका होत्या, चर्चेस होती. पकडल्या गेलेल्यांत बरेचसे विद्यार्थी व्हिसावर आलेले पूर्व युरोपातले तरुण, ज्यांनी न्यूयॉर्कमध्ये पैसे वळवण्यापुरती खाती उघडली होती. ज्याच्यावर मुख्य सूत्रधार म्हणून आरोप ठेवला गेला त्या येवगेनी बोगाचेव्हवर २०१५ मध्ये तीस लाख डॉलरचं इनाम लागलं.

आजचे चोर प्रोग्रॅम तर दबा धरूनही बसत नाहीत. आत यायचं, ब्राउजरने जपलेले पासवर्ड एका झटक्यात उचलायचे, पाठवायचे आणि पसार. त्यासोबत ते आणखी एक गोष्ट नेतात, तिला ‘कुकी’ म्हणतात. टूरिंग टॉकीजमध्ये मध्यंतरात बाहेर जाणाऱ्याला गेटपास मिळायचा. तो दाखवला की दारावरचा माणूस पुन्हा तिकीट विचारायचा नाही. कुकी हा तसा गेटपास. तुम्ही पासवर्ड दिलात, मोबाइलवरचा अंक दिलात, की संकेतस्थळ तुमच्या ब्राउजरला हा पास देतं. चोराने तो नेला तर त्याला शब्दही नको आणि अंकही नको. अशा चोरलेल्या पासांचा आणि पासवर्डांचा ‘जेनेसिस’ नावाचा उघड बाजारच भरला होता. तो पोलिसांनी एप्रिल २०२३ मध्ये बंद केला. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि अनेक देशांच्या तपासयंत्रणांनी ‘लुमा’ या चोराचं जाळं तोडलं, तेव्हा १६ मार्च ते १६ मे या दोन महिन्यांत ३ लाख ९४ हजारांहून अधिक कॉम्प्युटरांत तो सापडल्याचं मायक्रोसॉफ्टने सांगितलं.

हा शिरतो कसा? फुकटात मिळालेल्या चोरट्या सॉफ्टवेअरच्या पोटातून, खोट्या जाहिरातीतून, ‘तुमचा ब्राउजर जुना झाला’ असल्या थापेतून. अलीकडची तऱ्हा तर अजब आहे. ‘तुम्ही यंत्र नसून माणूस आहात हे सिद्ध करा’ असं पान येतं आणि दोन-तीन कळा दाबायला सांगतं. त्या कळांनी लपवलेला हुकूम तुमच्याच हाताने कॉम्प्युटरला दिला जातो. माझा भाचा मोबाइल आणि कॉम्प्युटर दुरुस्त करतो. तो म्हणतो, ‘मामू, चोर कडी तोडके नै आता, लोकांच उसको अंदर बुलातें.’ कुलूप तोडायची वेळ येत नाही, लोकच त्याला घरात घेतात, असं त्याचं म्हणणं.

दुरुस्तीवरून आठवलं. ओनेल दे गुझमान पुढे बरीच वर्षं दिसेनासा झाला. जेफ व्हाइट या ब्रिटिश पत्रकाराने त्याला २०१९ मध्ये शोधून काढलं. मनिलातल्या एका बाजारसंकुलात, मोबाइल दुरुस्तीच्या छोट्या टपरीवर. तिथे त्याने सगळं कबूल केलं. जुन्या पासवर्डचोराला त्याने प्रेमपत्राचं नाव का दिलं, तर लोकांना कुणीतरी हवं असतं, प्रेम हवं असतं, म्हणून. पहिलं पत्र सिंगापुरातल्या कुणाला तरी पाठवून तो मित्राबरोबर प्यायला निघून गेला होता. पोलिस मनिलात कुणा हॅकरला शोधत आहेत, हे त्याला आईकडून कळलं. कॉलेजात तो परत गेला नाही.

भाच्याच्या दुकानात मी संध्याकाळी कधी कधी बसतो. फोन दुरुस्तीला आला की तो पहिला प्रश्न विचारतो, लॉक काय आहे? परवा एक बाई आल्या होत्या. त्यांनी रांगेतल्या चार माणसांसमोर नातवाचं नाव आणि जन्मसाल मोठ्याने सांगितलं. भाच्याने ते चिठ्ठीवर लिहिलं, चिठ्ठी सेलोटेपने फोनच्या पाठीला चिकटवली, आणि फोन बाकीच्या वीस-पंचवीस फोनांशेजारी काचेच्या कपाटात ठेवला.